रविवारचा पाला

भालकीकडची माणसं येऊन गेल्यापासून रेवणप्पांनी पाल्याला हात लावला नव्हता. मागच्या रविवारी अंगणात शंभर-सव्वाशे माणूस बसलं होतं, तेव्हा अप्पांना ताप आलाय असं थोरल्या मुलानं, संगमेशनं खोटंच सांगून सगळ्यांना वाटेला लावलं. पंचावन्न वर्षांत असं कधी झालं नव्हतं. अप्पांची बायको गेली त्या रविवारीसुद्धा, तिला माती देऊन आल्यावर, दुपारी का होईना, ते ओट्यावर येऊन बसले होते.

ती माणसं भांडायला आली असती तर बरं झालं असतं, असं संगमेशच्या बायकोला, सुकन्याला, राहून राहून वाटे. मेलेल्या बाईचा नवरा आणि बाप असे दोघंच आले होते. सुकन्या चहाच्या कपबश्या घेऊन दारात आली तेव्हा तो बाप अप्पांच्या पायावर डोकं ठेवून उठत होता. तुमचा हात लागला होता, आम्ही कुठं कमी पडलो नाही, तिचंच तेवढं होतं, असं तो कानडीत म्हणाला. अप्पांनी विचारलं, किती महिने झाले होते? सातवा लागला होता, असं नवऱ्यानं सांगितलं. चोवीस-पंचवीसचं पोरगं ते. चहाला नको म्हणायचंही त्याला सुचत नव्हतं. जाताना दोघांनी पुन्हा पाया पडून घेतलं. त्यानंतर अप्पा भिंतीकडं तोंड करून जे निजले ते दुसऱ्या दिवशीच उठले.

येळगावच्या ह्या घरात काविळीचं औषध मिळतं हे उदगीर-देगलूरपासून पलीकडं भालकी-औरादपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. औषध म्हणजे एक पाला. वाटून, गाईच्या ताकात कालवून, रविवारी उपाशीपोटी द्यायचा. असे तीन रविवार. बरोबर पथ्य: तेल नको, तिखट नको, मटण-मासळीचं वशाट नको, दारू तर नकोच, एकवीस दिवस घरात पडून राहायचं, पाणी उकळून प्यायचं. पैसा घ्यायचा नाही. पाल्याचं नाव घरात कुणी उच्चारत नसे. तोडायचा पुरुषानं, वाटायचा सुनेनं आणि द्यायचा पुन्हा पुरुषानं, अशी रीत होती. ही विद्या बापाकडून थोरल्या मुलाकडं जायची आणि ती देताना कानात चार शब्द सांगायचे.

सुकन्या कंधारकडची. एकोणिसाव्या वर्षी ह्या घरात आली आणि पहिल्याच रविवारी पाट्यावर बसली. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली होती. तिचं उजवं मनगट सुजून सुजून कायमचं जाड झालं होतं. अप्पांचे गुडघे गेल्यावर ओढ्यावर जाऊन पाला तोडायचं कामही तिच्याकडंच आलं. पण तसं कुणी बोललं नाही. शनिवारी पहाटे अप्पा नुसतं म्हणत, ‘ओढ्याकडं जरा चक्कर मारून ये.’ ती मारून येई. टोपलं कुणी आणलं हे कुणी विचारत नसे.

आणखी एक काम तिनं आपणहून धरलं होतं. औषधाआधी माणसाला ताक प्यायला देताना ती त्याच्या पापण्या खाली ओढून बघे, लघवीचा रंग विचारी, ताप विचारी, पोटात किती दुखतंय ते विचारी. काही डोळे बघून तिला धोका कळे. असल्या माणसाला ती रांगेतून बाजूला घेई आणि संगमेशला सांगे, ह्यांना गाडीवर घालून उदगीरला मोठ्या दवाखान्यात सोडा. पोटुशी बाई तर ती अप्पांपर्यंत जाऊच देत नसे. लेक तनुजा नांदेडला डॉक्टरकी शिकायला लागल्यापासून ती फोनवर तिला विचारून विचारून पुष्कळ शिकली होती. अप्पांना हे दिसत होतं की नव्हतं, कोण जाणे. ते मान खाली घालून चमचा चमचा देत राहायचे.

ज्या रविवारी भालकीची ती पोरगी आली, त्या रविवारी सुकन्या कंधारला होती. भावाच्या मुलीचा साखरपुडा होता. चार वर्षांत पहिल्यांदा ती माहेरी गेली होती.

शनिवारी अप्पांनी सगळ्यांना बोलावलं. विद्या देऊन टाकायची म्हणाले.

धाकटा मुलगा शिवप्रसाद लातूरहून दुपारीच गाडी घेऊन आला. तिथं त्याचे रसायनशास्त्राचे क्लास होते. तनुजा नांदेडहून एसटीनं उदगीरपर्यंत आली आणि संगमेशनं तिला मोटारसायकलवर आणलं. दोन दिवसांची ड्युटी कुणाच्या तरी गळ्यात घालून ती आली होती. आल्या आल्या हातपाय धुऊन सुकन्याजवळ चुलीपाशी बसली आणि भिंतीला टेकून तिथंच तिचा डोळा लागला. सुकन्यानं तिला उठवलं नाही. लेकीच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

दिवस मावळायच्या सुमाराला सगळे सोप्यात बसले. अप्पा पलंगावर, आत्या खाली सतरंजीवर. कस्तुराबाई ही अप्पांची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी परत आली ती साठ वर्षं ह्याच घरात. घराच्या सगळ्या रीतींची किल्ली तिच्याकडं. तिनंच सुरुवात केली. आपल्या आज्याच्या दारात एक जंगम तापानं पडला होता, आज्यानं त्याची सेवा केली आणि जाताना त्यानं हा पाला दाखवला. दाखवताना तीन गोष्टी सांगितल्या. पैसा घेऊ नको, दार झाकू नको, बाईच्या हाती देऊ नको. हे तिनं घरात हजारदा सांगितलं असेल, पण आज सांगताना ती अप्पांकडं बघत होती. ‘दार झाकू नको’ हे तिनं दोनदा म्हटलं.

मग संगमेशला विचारलं. हक्क त्याचा होता. तो पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, मला नको. शेत, जनावरं, त्यात आता हे. माझ्यानं लोकांच्या तोंडाकडं बघवत नाही.

‘तर मी घेतो,’ शिवप्रसाद म्हणाला.

तो हावरेपणानं बोलत नव्हता हे सुकन्याला कळत होतं. लातूरच्या त्या रस्त्यावर त्याच्यासारखे शंभर क्लास होते. पाट्यांच्या गर्दीत त्याची पाटी शोधावी लागे. इथं मात्र एसटीतून उतरलं की कंडक्टरही म्हणे, रेवणप्पांचे चिरंजीव का? तो म्हणाला, मी दर शनिवारी येईन. माणसांना बसायला मांडव घालू, नंबर देऊ, वही ठेवू. तीन राज्यांतनं माणूस आपल्या दारात येतंय, ते असं बंद पडू द्यायचं का? आत्यांनी मान हलवली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला.

तनुजानं काकाकडं बघितलं नाही, आजोबांकडं बघितलं. अकरावी-बारावीची दोन वर्षं ती ह्याच काकाच्या घरी राहून शिकली होती. तिच्या डॉक्टरकीवर जितका आईबापाचा हक्क तितकाच त्याचाही होता. ती खालच्या आवाजात सांगत राहिली. कावीळ हा रोगच बहुतेक वेळा आपोआप उतरणारा आहे, पाण्यातनं येतो आणि तीन-चार आठवड्यांत जातो. आपलं पथ्य चांगलं आहे, विश्रांती चांगली आहे. पण काही कावीळ वेगळी असते. कुणाला खडे असतात, कुणाला गाठ असते, आणि पोटुशी बाईला तीच साधी कावीळ जीव घेते. असली माणसं पाल्याच्या भरवशावर तीन रविवार घालवतात.

‘म्हणजे पाल्याचा काही उपयोग नाही, असं म्हणायचंय तुला,’ शिवप्रसाद म्हणाला.

‘हो काका.’

‘अप्पांच्या हातनं बरी झालेली हजारो माणसं हायेत, तनू. ती खोटी?’

‘ती पाला न घेताही बरी झाली असती.’

‘कशावरून?’

तिनं पुस्तकात काय लिहिलंय ते सांगायला सुरुवात केली, तेव्हा त्यानं हात वर केला. वर्गात पोराला थांबवावं तसा.

‘पुस्तकातलं नको. इथलं सांग. ह्या अंगणात आला, पाला घेतला नाही आणि तरी बरा झाला, असा एक माणूस दाखव मला.’

असा माणूस तनुजाकडं नव्हता. इथं येणारा प्रत्येक जण पाला घेऊनच जात होता, तेव्हा न घेतलेला माणूस आणायचा कुठून? शिवप्रसाद जिंकला म्हणून हसला नाही. त्यानं फक्त अप्पांकडं बघितलं, की आता तुम्ही सांगा.

सुकन्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. सासऱ्यासमोर, दिरासमोर ती सहसा बोलत नसे. बोलायचं असं तिनं ठरवलंही नव्हतं. पण आपण आता गप्प बसलो तर उद्या सकाळी हा माणूस अप्पांच्या समोर मांडी घालून कान पुढं करील, पुढची वीस-तीस वर्षं हे चालेल, आणि पाट्यावर पुन्हा कुणीतरी बाई बसेल, हे तिला स्पष्ट दिसलं. तिला एकाएकी फार दमल्यासारखं वाटलं. नऊ वर्षं जे पोटात धरलं होतं ते धरून ठेवायला तिच्यात आता ताकदच उरली नव्हती.

‘मी दाखवते, भाऊजी,’ ती म्हणाली.

सगळ्यांनी वळून बघितलं.

‘लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आपला ओढा पार आटला होता. पाला जळून गेला. मी पलीकडच्या शिवारापर्यंत हिंडून आले, एक काडी मिळाली न्हाई. अंगणात माणूस येयलालंच होतं. त्या साली तर पाणी घाण, म्हणून दुप्पट येयलालं. अप्पांना सांगायचं धाडस झालं न्हाई. म्हणून मी परसातल्या शेवग्याचा पाला वाटला. तोच रंग येतोय. चैत्रापासनं मिरगापर्यंत मी शेवगाच दिला.’

बाहेर म्हैस दावणीला शिंग घासत होती.

‘मला वाटायचं, आता लोकं मरतील,’ ती पुढं म्हणाली. ‘रात्रीची झोप न्हाई. पुढच्या रविवारी कोण आलं, कोण न्हाई, ते मी बोटावर मोजायचे. पण सगळी आली, भाऊजी. पहिल्यासारखीच उतरली त्यांची कावीळ. जेवढी एरवी उतरायची तेवढीच. अन् ज्यांची उतरायची न्हाई, त्यांची तवाही न्हाई उतरली.’

शिवप्रसादनं डोळे मिटले. ह्या घरात ही गोष्ट सगळ्यांत आधी पूर्ण कळली ती त्याला. तेच शिकवण्यात त्याचा जन्म गेला होता. दोन परीक्षानळ्या, एकीत घालायचं, एकीत नाही. वहिनीनं नकळत ते तीन महिने केलं होतं. त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि त्यानंतर त्या संध्याकाळी तो काहीच बोलला नाही.

आत्या मात्र बोलल्या. ‘अन्नात माती कालवलीस,’ त्या म्हणाल्या. ‘ह्या घराचं पुण्य नासवलंस. लोकं इस्वासानं आली अन् तू त्यांना भाजीचा पाला पाजलास.’ आवाज चढवायची त्यांची ताकद राहिली नव्हती. पण एकेक शब्द त्यांनी असा सुटा टाकला की तनुजा आईजवळ सरकून बसली.

संगमेश उठून उभा राहिला. बायकोनं नऊ वर्षं आपल्यापासून लपवलं हे त्याला लागलं होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो भांडतो की काय असं सुकन्याला वाटलं. पण तो अप्पांकडं वळला. ‘अप्पा, हिच्या सांगण्यावरनं मी माणसं उदगीरला नेऊन सोडलीत. गाडीवर मागं धरून बसवून. पन्नासएक तरी असतील. मला वाटायचं, गर्दी कमी कराया सांगायलीय. त्यातली लई जण नंतर भेटलीत मला बाजारात. डॉक्टर म्हणला वेळेवर आला, असं सांगायलीत.’ एवढं बोलून तो पुन्हा खाली बसला.

अप्पा इतका वेळ छताकडं बघत होते. आता ते हलके उठून बसले. रागावतील, असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच.

‘शिवप्पा मास्तरचा नातू?’

सुकन्याला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ‘त्याला शेवगा दिला होता, अप्पा.’

‘निलंग्याचा तो किराणावाला? वरातीच्या घोड्यावरनंच पाया पडायला आला होता नंतर, बरा होऊन?’

‘शेवगा.’

‘औरादची ती जुळी?’

‘त्या दोघींनाबी.’

अप्पा एकेक नाव काढत होते. बऱ्या झालेल्या माणसांची नावं त्यांना जपासारखी पाठ होती. कुठल्याही रविवारी, कुठल्याही पाव्हण्यासमोर ते ती सांगत. त्यांतली किती त्या उन्हाळ्यातली होती हे सुकन्यालाही आज पहिल्यांदा कळत होतं. तिला खोटं बोलता आलं असतं. एखाद्या नावाला, ह्याला खराच पाला दिला होता, असं म्हणता आलं असतं. म्हाताऱ्याला तेवढा आधार झाला असता. तिनं ते केलं नाही. दहा-बारा नावांनंतर अप्पा थांबले. धोतराच्या सोग्यानं त्यांनी ओठ पुसले.

‘अन् भालकीची पोरगी?’

‘तिला खरा पाला मिळाला, अप्पा,’ सुकन्या म्हणाली. ‘मी इथं नव्हते.’

तनुजाकडं न बघता त्यांनी विचारलं, ‘दवाखान्यात नेली असती तर वाचली असती का गं?’

तनुजानं आईचा हात धरला होता. ‘सांगता येत नाही, आबा,’ ती म्हणाली. ‘काही वाचतात. सगळ्या नाही वाचत. पण तिला ते मिळायला पाहिजे होतं.’

अप्पांनी मान हलवली. मला आता निजू द्या, म्हणाले. त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. आत्यांनी तर ताटच समोर येऊ दिलं नाही. संगमेश गोठ्यात जाऊन बसला आणि दिवा लागल्यावर सुकन्या तिकडं गेली, तेव्हा त्यानं नुसतं एवढंच विचारलं, मला कामून न्हाई सांगितलं? तिनं खरं ते सांगितलं. सांगितलं असतं तर तुम्हाला अप्पांपासनं लपवावं लागलं असतं. एकाला ओझं पुरं होतं. ती वैरणीचा भारा उचलायला वाकली तेव्हा त्यानं तो तिच्या हातातून घेतला.

सकाळी उजाडायच्या आत माणसं येऊन बसू लागली. गेला रविवार चुकला म्हणून आज गर्दी जास्त होती. टमटम भरून आलेली, कडेवर पोरं घेतलेली, चेहरे हळदीसारखे पिवळे. सुकन्यानं पाटा मांडला नव्हता. काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणाला विचारायचं हेही तिला कळत नव्हतं. तेवढ्यात अप्पांनी अंघोळ केली, विभूती लावली, गळ्यातलं लिंग हातावर घेऊन रोजच्याइतकीच पूजा केली आणि भिंतीला धरत ओट्यावर गेले. माणसं उठून उभी राहिली. शिवप्रसाद दाराआड उभा होता. आत्या माळ ओढायच्या थांबल्या.

‘औषध सरलं,’ अप्पा म्हणाले.

लोकांना वाटलं, आजच्यापुरतं. पुढच्या रविवारी यावं का, असं कुणी विचारलं. कुणी म्हणालं, थोडं तरी द्या, लांबनं आलाव. एका बाईनं आपलं पोर त्यांच्या पायावर घातलं. अप्पांनी ते उचललं, त्याच्या गालावरून बोट फिरवलं आणि परत तिच्या हातात दिलं.

‘पाला आता कवाच मिळणार न्हाई. माझ्या हातात काही नव्हतं, बाबांनो. पथ्य करा. अन् डोळे आमच्या सुनेला दाखवा. ती सांगंल तसं करा. ती जा म्हणली तर दवाखान्यात जा.’

एवढं बोलून ते आत आले. त्यानंतर ते त्या ओट्यावर कधी बसले नाहीत.

शिवप्रसाद अकराच्या सुमाराला निघाला. जाताना तो सुकन्याच्या पाया पडला. मोठ्या वहिनीच्या पाया सणावारी पडतात तसा नव्हे. ओट्याखाली चारचौघांत, चिखलात गुडघा टेकवून. तिला लाज वाटली.

पुढचे रविवार कठीण गेले. सुकन्या ओट्याखाली चटई टाकून बसे. येणाऱ्यातला अर्धा माणूस पाला नाही म्हटल्यावर तसाच माघारी फिरे. देगलूर रस्त्यावरच्या एका गावात दुसरा कुणी औषध देतो अशी बातमी आली. तो पैसे घेतो, मंत्रही मोठ्यानं म्हणतो. लोक तिकडं जायला लागले. जे थांबत त्यांतले कित्येक जण तिच्या तोंडावर म्हणत, बाईमाणूस काय बघणार. संगमेश दोन-दोन फेऱ्या मारून माणसं उदगीरला पोचवी. एका जीपवाल्याशीही त्यानं बोलून ठेवलं होतं. तनुजानं कागदावर मोठ्या अक्षरांत पथ्य लिहून पाठवलं, ते सुकन्यानं दाराला चिकटवलं. पण येणारा माणूस बहुतेक न वाचणारा, किंवा कानडी वाचणारा. दुपारी ती आत येऊन पडे तेव्हा पाठ धरलेली असे आणि आपण हे बरं केलं की लोकांना त्या देगलूरवाल्याच्या दारात ढकललं, ह्याचा उलगडा तिला होत नसे. फोनवर तनुजाला विचारलं तर ती म्हणे, आई, तू थोडी झोप घे. तीही झोपलेली नसे.

सहाव्या रविवारी तिला कळलं की परसाकडच्या दारानं माणसं जायलीत.

ओट्यावरून उठून गेलेली एक बाई वाट सोडून गोठ्यामागं वळलेली तिला दिसली. बराच वेळ ती परत आली नाही, तेव्हा सुकन्या घरातून मागच्या दाराकडं गेली. आत्या उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या. पुढ्यात लहान खलबत्ता, पितळी वाटीत ताक. बाई पदर पसरून बसली होती. सुकन्याला बघून ती उठायला लागली, तर आत्यांनी तिला हातानं बसवलं.

सुकन्यानं खलात बघितलं. पाला खरा होता.

‘कुणी दाखवला तुम्हाला?’ तिनं विचारलं.

‘कोण दाखवील?’ आत्या म्हणाल्या. ‘नऊ वर्षांची असताना बांधावर शेळ्या राखायचे. बाप तोडायला यायचा, मी बघायचे. मपल्याला सगळं ठाऊक होतं. रेवण्याला सोळाव्या साली सांगितलं, मला नवव्या सालीच ठाऊक. पर आमच्या हाती द्यायचं नव्हतं.’ त्या खलातला पाला बोटानं गोळा करत राहिल्या. ‘आता रेवण्यानं टाकून दिलं. टाकलेलं उचलाया काय हरकत हाय?’

आत्यांच्या ब्याऐंशी वर्षांच्या मनगटांना खल पेलत नव्हता. ओढ्यापर्यंत त्या कशा जाऊन आल्या असतील, ह्याचा सुकन्या विचार करत राहिली. रागवावं असं तिच्या मनात आलं होतं. ते कुठंतरी विरून गेलं. तीन महिने शेवगा वाटणारी आपण, ह्या म्हातारीला काय सांगणार? शिवाय सांगून काय होणार? हिच्या हातून काढून घेतलं तर ती बाई उठून देगलूर रस्त्याला लागेल.

ती उंबऱ्याच्या अलीकडं, आत्यांच्या शेजारी, खाली बसली.

‘द्यायचं तर द्या, आत्या,’ ती म्हणाली. ‘मी न्हाई अडवणार. पर आधी माझ्याकडं पाठवा. मी दवाखान्यात जा म्हणलेल्याला देऊ नका. एवढंच.’

‘अन् मी दिलं तर?’

‘तर तो मरंल एखादा,’ सुकन्या म्हणाली. ‘अन् त्याची माणसं येऊन तुमच्या पाया पडतील.’

परसातल्या दोरीवर कपडे वाळत होते, त्यांच्याकडं आत्या बघत बसल्या. अप्पांच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला आणि थांबला. समोरची बाई एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती. मराठी तिला अर्धीमुर्धीच कळत असावी. मग कस्तुराबाईंनी खल उचलून आपल्या मागं, भिंतीकडं ठेवला आणि त्या बाईला कानडीत म्हणाल्या, आधी हिला डोळे दाखव. ही हो म्हणली तरच माझ्याकडं ये.

बाई बसल्या जागी सुकन्याकडं वळली. सुकन्यानं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं केलं, अंगठ्यानं पापणी खाली ओढली आणि विचारलं, ‘एष्टु दिवस आयतु, अव्वा?’ किती दिवस झाले?

बाई बोटं मोजू लागली.